जुन्या गाडीचा विटलेला रंग उजळवताना: आधी मोजा, मग घासा

सेकंडहँड बाजारात दहा-पंधरा वर्षांची अल्टो, सँट्रो किंवा वॅगन आर बघायला गेलात, तर इंजिन ठणठणीत आणि रंग मात्र गेलेला, असं हमखास दिसतं. टप पांढुरका पडलेला, बॉनेटवर पाण्याचे गोल डाग, दारांवर उन्हात उठून दिसणाऱ्या बारीक वर्तुळाकार रेघा. यातलं बरंचसं दोन दिवसांच्या सुट्टीत घरी सुधारता येतं. फक्त काम कुठे थांबवायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण एकदा घासून काढलेला रंग परत येत नाही.

कंपनीतून आलेल्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉनचा थर असतो. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. रबिंग करणं म्हणजे याच थराचा वरचा भाग खरवडून काढणं. ऊन अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. म्हणून गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून 6 ते 8 मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नयेत, असा हिशेब धरून चालावं. डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता हलणाऱ्या) पॉलिश मशीनने एकदा नीट कंपाऊंड (रंग घासून कापणारी पेस्ट) केलं की ढोबळमानाने 1 ते 3 मायक्रॉन जातात. आधीच्या मालकाने दर दिवाळीला चौकातल्या दुकानात रबिंग-पॉलिश करून घेतलं असेल, तर तुमच्या वाट्याला किती उरलंय हे बघितल्याशिवाय मशीन हातात घेऊ नका.

तपासणी: कुठला पॅनल वाचणार आहे?

गाडी साधी धुवा, सावलीत आणा आणि एकेक पॅनल मोबाइलच्या टॉर्चने तिरक्या उजेडात बघा. चार गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली म्हणजे क्लिअर कोट आहे की नाही. मेटॅलिक रंगांवर तो असतोच. जुन्या गाड्यांच्या साध्या पांढऱ्या, लाल रंगात मात्र बऱ्याचदा एकाच थराचा रंग असतो, त्यावर वेगळा क्लिअर कोट नसतो. दाराच्या आतल्या कडेला किंवा डिकीच्या खालच्या काठाला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर एकाच थराचा रंग आहे. पांढऱ्या गाडीसाठी काळं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टप, बॉनेट आणि डिकी यांच्यावर क्लिअर कोट निघायला लागलाय का? नुसता ऑक्सिडाइझ झालेला रंग सगळीकडे सारखा मंद दिसतो आणि बोटाला खडूसारखी भुकटी लागते. मेलेला क्लिअर कोट वेगळा ओळखू येतो: त्याच्या पांढुरक्या चट्ट्यांना नकाशासारखी स्पष्ट कड असते, नख फिरवलं की पापुद्रा सुटतो, किंवा आतमध्ये बारीक तडे गेलेले दिसतात. अशा पॅनलवर जगातलं कुठलंही कंपाऊंड चालत नाही. घासाल तेवढा चट्टा वाढेल. तो पॅनल पेंटरकडेच जाणार, त्यावर एक मिनिटही घालवू नका. नागपूर, जळगावकडच्या उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे टप बहुधा याच अवस्थेत असतात.

तिसरी गोष्ट, पूर्वी झालेलं पेंटिंग. रंगाची जाडी मोजणारा गेज मिळाला तर उत्तम. पत्र्यावर 90 ते 150 आलं तर कंपनीचा रंग समजा. 200 ते 350 म्हणजे पुन्हा मारलेला रंग, आणि 500च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. 80च्या खाली आकडा आला तर त्या जागी कंपाऊंड लावू नका, नुसतं वॅक्स करा. हे साधे गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाहीत. गेज नसेल तर काचेच्या रबरी बीडिंगवर उडालेला रंग, बिजागरीच्या बोल्टवर चढलेला रंग, टेपची उमटलेली रेघ या खुणा बघा. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवलं तर पुट्टीवर त्याची पकड एकदम सैल पडते.

पुन्हा मारलेला रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा) आहे की टूके (हार्डनर मिसळून पक्का होणारा), हेही बघून घ्या. लपलेल्या जागी थिनर लावलेलं फडकं हलक्या हाताने फिरवा. रंग लगेच विरघळून फडक्यावर आला तर एनसी. तो मशीनच्या उष्णतेने मऊ पडतो, म्हणून तिथे फक्त हाताने काम करायचं.

चौथी गोष्ट गंज. रंगाखाली फोड आले असतील तर पत्रा आतून खाल्ला गेलाय. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे दारांचा खालचा काठ, चाकावरची कमान आणि पुढच्या काचेच्या बीडिंगखालचा भाग आधी जातो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी आत साचतं. काडीने ती मोकळी करा, हे काम पॉलिशच्या आधीचं आहे.

काय सामान लागेल

एका छोट्या हॅचबॅकसाठी न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू, दोन बादल्या, साधारण 350 जीएसएमची 10-12 मायक्रोफायबर फडकी, 100 ग्रॅम क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून घेणारा मऊ गोळा), चांगला मास्किंग टेप, 100 ते 150 मिली कंपाऊंड, 60 ते 80 मिली फिनिशिंग पॉलिश आणि वॅक्स किंवा सीलंट. 3एम, मेगायर्स, मेन्झेर्ना, टर्टल वॅक्स, वॅक्सपोल यांपैकी जे हाताशी मिळेल ते घ्या. ब्रँडपेक्षा पॅड आणि हात यांनी जास्त फरक पडतो.

मशीन डीएच घ्या. पॅड 5 ते 6 इंची: कंपाऊंडसाठी कडक फोमचे तीन, फिनिशिंगसाठी मऊ फोमचे दोन. एका पॅडवर अख्खी गाडी करायला गेलात तर अर्ध्या वाटेत पॅड भरतो आणि कापण्याऐवजी नुसता गरम होत राहतो. गॅरेजमधलं रोटरी (नुसतं गोल फिरणारं) मशीन नवख्याच्या हाती एका जागी दोन-तीन सेकंद जास्त थांबलं तरी कडेचा रंग उडवतं. रोटरीच वापरायचं असेल तर लोकरी पॅड टाळा, फोम लावा आणि 1,000 ते 1,400 आरपीएमच्या वर जाऊ नका.

धुणं, डाग आणि क्ले

दारांवर दिसणाऱ्या त्या गोल रेघांचं मूळ सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसण्याच्या पद्धतीत आहे. एक बादली पाणी, एकच फडकं आणि दहा गाड्या. आदल्या गाडीची वाळू तुमच्या बॉनेटवर फिरते. पॉलिशच्या आधीचं धुणं असं होऊ देऊ नका. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. आधी पाइपने धूळ-चिखल वाहून जाऊ द्या, मग टपापासून खाली या, आणि प्रत्येक पॅनलनंतर मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) साध्या पाण्यात पिळूनच परत शाम्पूत बुडवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण रोजच्या धुण्याला नको. जुनं वॅक्स काढायला या वेळी एकदाच भांड्यांचं लिक्विड वापरलं तर चालेल.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग शाम्पूने जात नाहीत, ते क्षार असतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं भिजवून थंड पत्र्यावर डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, वाळू न देता धुवून टाका. बांधकामाजवळ उभ्या केलेल्या गाडीवरचे सिमेंटचे शिंतोडेही याच उपायाने तीन-चार फेऱ्यांत सुटतात. ते नखाने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडू नका. क्षार गेल्यावरही खोलगट वर्तुळ उरलं तर ते क्लिअर कोटमध्ये कोरलं गेलंय, त्याचा विचार कंपाऊंडच्या वेळी.

डांबराचे ठिपके रॉकेलच्या ओल्या फडक्याने निघतात, लगेच शाम्पूने धुवा. पेट्रोल आणि थिनर लांब ठेवा. पक्ष्यांची, वटवाघळांची विष्ठा ओल्या फडक्याखाली पाच-दहा मिनिटं मऊ होऊ द्या, मग उचलून घ्या. पांढऱ्या गाडीवर नारिंगी बारीक ठिपके दिसले, विशेषतः रेल्वेलाइनजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर, तर ते रंगात रुतलेले लोखंडाचे कण आहेत. आयर्न रिमूव्हर फवारला की जांभळे होऊन ओघळतात.

आता हातात पातळ पॉलिथिनची पिशवी घालून बोटं पॅनलवर फिरवा. उघड्या बोटाला न लागणारी खरखर पिशवीतून स्पष्ट जाणवते. तिथे क्ले लागणार. बारचे तीन तुकडे करा. एक लिटर पाण्यात साधारण 5 मिली शाम्पू घालून स्प्रे बाटली भरा. पृष्ठभाग भरपूर ओला ठेवून, जवळपास वजन न देता, सरळ रेषेत क्ले पुढे-मागे फिरवा. खरखर थांबली की पुढे सरका. क्लेची घडी वारंवार मोडून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा धुवूनही वापरू नका, त्यातली वाळू निघत नाही. क्लेमुळे हलके ओरखडे येतात, म्हणून त्यानंतर पॉलिश करायचंच असं धरून चाला.

मग गाडी पूर्ण वाळवा. दारांच्या फटी, आरसे, नंबर प्लेटच्या मागे साचलेलं पाणी नंतर कंपाऊंडमध्ये ओघळतं. काळं प्लास्टिक, रबरी बीडिंग, वायपरखालची जाळी आणि चिन्हं टेपने झाका. खरबरीत काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं कंपाऊंड ब्रशने घासून काढणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे. पॅनलच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावाच्या रेषांवरही टेप लावा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.

दोन फुटांची चाचणी

इथे घाई करणाऱ्यांची गाडी बिघडते. डोळ्यासमोर पण कमी महत्त्वाच्या पॅनलवर, बॉनेटच्या एका कोपऱ्यात समजा, दोन बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखा. सर्वांत सौम्य जोडीने सुरुवात करा: मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. एक फेरी झाली की आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार भाग हे मिश्रण फवारून पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून काढतं आणि खोटी चमक दाखवतं, या पुसण्याने ते निघून जातं. टॉर्चखाली बघा. 70-80 टक्के रेघा गेल्या असतील तर याच जोडीने अख्खी गाडी करा. नसतील तर तोच पॉलिश कडक पॅडवर, तेही पुरेसं नसेल तर कंपाऊंड.

शंभर टक्के रेघा घालवायचा हट्ट जुन्या गाडीवर धरू नका. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी जितका क्लिअर कोट जातो, तितक्यात गाडी आणखी काही उन्हाळे काढते. बाहेर मिळणारं झटपट रबिंग तीन-चार धुण्यांत जातं त्याचंही कारण हेच तेल आहे. ओरखडे तिथेच असतात, नुसते भरलेले.

मशीन चालवताना

पत्रा हाताला थंड लागला पाहिजे, काम सावलीतच. नवा पॅड पहिल्यांदा वापरताना त्याच्या सगळ्या तोंडाला कंपाऊंड बोटाने हलकं चोळून घ्या. त्यानंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. जास्त घातलं तर सगळीकडे उडतं आणि पॅड घसरत राहतो.

मशीन बंद असतानाच पॅड पॅनलवर टेकवा, वेग 1 वर कंपाऊंड पसरवा, मग 4 ते 5 वर न्या. आडवे पट्टे, मग उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. अशा चार ते सहा फेऱ्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्याच गतीने सरकू द्या. नवखे लोक इस्त्री फिरवल्यासारखे भराभर जातात आणि मग कंपाऊंडला नावं ठेवतात. बॅकिंग प्लेटच्या (पॅड ज्यावर बसतो त्या चकतीच्या) कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसायला हवी. फिरणं थांबून नुसती थरथर उरली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरका झालाय.

एक चौकोन झाला की फडक्याने पुसा आणि तळवा ठेवून बघा. कोमट चालेल. तीन सेकंद हात ठेवता येत नसेल तर थांबा. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे उष्णता पसरवत नाही, तिथे वेग एक पायरी कमी आणि फेऱ्या निम्म्या. दर पॅनलनंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झाडा, दोन-तीन पॅनलनंतर बदला. टपापासून सुरू करा, मग बॉनेट, डिकी, दारं आणि शेवटी खालचे भाग. तिथे ओरखडे खोल असतात, पण नजर कमी जाते.

कंपाऊंडनंतर मऊ पॅडवर फिनिशिंग पॉलिशची एक फेरी: वेग 3 ते 4, दाब जवळपास मशीनच्या वजनाइतकाच. कंपाऊंडने आलेलं धुरकटपण याने जातं. गडद निळ्या, काळ्या, मरून गाडीवर ही फेरी वगळता येत नाही. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर चाचणीच्या चौकोनात फरक दिसला नाही तर वगळा आणि तेवढा क्लिअर कोट वाचवा.

एकाच थराच्या रंगावर पॅडला रंग लागतो, ते बिघडल्याचं लक्षण नाही. मेलेला वरचा थर निघतोय. फक्त पॅड दर चौकोनानंतर साफ करावा लागतो, नाहीतर तीच भुकटी परत रंगावर घासली जाते. गुलाबी पडलेली जुनी लाल गाडी या प्रकारात पुन्हा खऱ्या लालवर येते, कारण खाली ताजा रंग शिल्लक असतो. क्लिअर कोटच्या खालचा लाल विटला असेल तर तो मात्र पॉलिशने परतत नाही. फार कोरड्या पडलेल्या रंगावर आधी तेलयुक्त, न कापणारा ग्लेझ हाताने जाड लावून रात्रभर मुरू द्या, मग सौम्य पॉलिश करा. कमी घासून जास्त रंग येतो.

खोल ओरखडे आणि उडालेले टवके

नख अडकलं तर ओरखडा क्लिअर कोटच्या पार गेलाय किंवा जाण्याच्या बेतात आहे. त्याची धार कंपाऊंडने बोथट करा, पूर्ण घालवू नका. 2000 किंवा 3000 नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासता येतो, पण गेजशिवाय आणि कडांजवळ अजिबात नाही. त्यात कंपाऊंडच्या कित्येक पट थर जातो.

टवक्यांसाठी रंगाचा कोड शोधा. गाडीनुसार तो बॉनेटखालच्या प्लेटवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. मारुतीचा 26यू म्हणजे सुपिरियर व्हाइट, झेड2एस म्हणजे सिल्की सिल्व्हर. नुसतं "पांढरा द्या" म्हणालात तर वेगळाच पांढरा हाती येईल. टवक्यातला गंज 600च्या पेपरच्या टोकाने खरवडा, अल्कोहोलने पुसा, टूथपिकने प्रायमरचा थेंब ठेवा. वाळला की रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा ते एक तास, आणि वर क्लिअर. एकदम जाड थेंब ठेवला तर तो आतून ओला राहतो आणि पुढे आकसतो. आठवडाभर तिथे पॉलिश नको.

जो टप किंवा बॉनेट पेंटरकडे द्यायचाय, त्याला चार गोष्टी आधी बोलून घ्या: सुटलेला क्लिअर कोट पूर्ण काढणार का, बीडिंग टेपने झाकण्याऐवजी उतरवणार का, क्लिअर टूके असेल ना, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत काम होणार नाही ना. दमट हवेत मारलेल्या रंगाला धुरकट झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे चांगला काळ. टूके स्प्रेचा डबा आणून घरी उद्योग करू नका, त्यातल्या आयसोसायनेटसाठी योग्य रेस्पिरेटर लागतो, साधा मास्क पुरत नाही. नव्या रंगावर किमान 30 दिवस वॅक्स लावू नका.

वर थर कसला?

पॉलिश झाल्यावर अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून त्याच दिवशी संरक्षक थर द्या. कार्नोबा वॅक्स आपल्या उन्हात एक-दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने. पातळ लावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायलाच जड जातं. सिरॅमिक कोटिंग चांगल्या क्लिअर कोटवर उपयोगी आहे, पण सुटायला लागलेल्या क्लिअर कोटवर ते केलं तर क्लिअर कोटबरोबर तेही सुटतं आणि पैसे जातात.

नंतरची काळजी रोजच्या सवयींची. कोरडी धूळ झटकणीने झटकू नका. गाडी पुसायला माणूस असेल तर त्याला तुमच्या गाडीची स्वतंत्र दोन फडकी द्या आणि "आधी पाणी मारा, मग पुसा" एवढं सांगा. धुळकट गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते पॉलिश पेपरसारखं घासतं. पावसाळ्यात ओलं कव्हर खाली पाणी धरून ठेवतं. दसऱ्याच्या पूजेला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं तर संध्याकाळपर्यंत ओल्या फडक्याने उचलून घ्या, पांढऱ्या रंगावर ते डाग धरतं. झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधा.

मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, सीलंटचा एक हात द्या आणि दिवाळीच्या सुमारास दुसरा. मशीन पुन्हा बाहेर काढायचं ते टॉर्चखाली रेघा खरोखर वाढलेल्या दिसल्या तरच, आणि तेव्हाही मऊ पॅडच्या चाचणीपासूनच.